लीज आणि पिन: शोधसूचीच्या फाइलवर केलेल्या कामाच्या नोंदी

एका वाचनालयाच्या जुन्या मासिकांचे स्कॅन शोधता यावेत म्हणून मी एक सूची सांभाळतो. ती ६४ एमबीच्या एकाच बायनरी फाइलमध्ये असते. रात्री एक वाजता सूचीकार प्रोग्राम ती फाइल उघडतो, शून्यावर कापतो (म्हणजे तिची लांबी शून्य करतो) आणि जागच्या जागी नव्याने लिहितो. हा सूचीकार माझा नाही, त्यामुळे त्याची लिहिण्याची पद्धत मला बदलता येत नाही. माझ्या सर्व्हरने ही फाइल मेमरीत मॅप करून (म्हणजे तिचा मजकूर मेमरीच्या पत्त्यांवर थेट दिसेल असे करून) आरडीएमएसाठी, म्हणजे दुसऱ्या यंत्राला आपली मेमरी थेट वाचू देण्याच्या सोयीसाठी, नोंदवलेली असते आणि शेजारच्या यंत्रावरील शोधसेवा तिच्यातील हवे ते तुकडे थेट वाचते. आरडीएमएचे कार्ड माझ्याकडे नाही. लिनक्सचा आरएक्सई ड्रायव्हर साध्या इथरनेटवर तेच काम सॉफ्टवेअरने करतो आणि पेज (मेमरीचा ठरावीक आकाराचा तुकडा) पिन करण्याच्या, म्हणजे ते मेमरीतून हलू न देण्याच्या, बाबतीत तो कार्डासारखाच वागतो. दोन्ही यंत्रांवर सुरुवातीला डेबियन १२ (लिनक्सचे एक वितरण) आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) ६.१ होते. आतापर्यंतचा खर्च जुन्या १६ जीबी रॅमचे २,४०० रुपये एवढाच आहे. खरा खर्च शनिवार-रविवारचा झाला आणि तो पुढे येईलच.

५ जुलै २०२५, शनिवार

गेले दोन आठवडे शोधसेवा नवे अंक दाखवत नव्हती. सर्व्हर पुन्हा सुरू केला की ते दिसत, आणि दुसऱ्या रात्रीपासून पुन्हा तेच. दोष शोधसेवेच्या कॅशचा आहे असे धरून मी दोन शनिवार तिच्या मागे घालवले आणि ते पूर्ण वाया गेले.

आज सूचीच्या पहिल्या सोळा बाइटांत असलेला तारखेचा शिक्का दोन्ही बाजूंनी छापून पाहिला. सर्व्हरने आपल्याच मॅपमधून वाचलेला शिक्का ५ जुलैचा होता. शोधसेवेने त्याच पत्त्यावरून, त्याच क्षणी, आरडीएमएने वाचलेला शिक्का २८ जूनचा होता, म्हणजे सर्व्हर शेवटचा सुरू केला त्या दिवसाचा. एकाच पत्त्याखाली दोन वेगळी पेजे होती.

कारण असे की नोंदणीच्या वेळी कर्नलने त्या वेळची पेजे पिन केली. सूचीकाराने फाइल कापली तेव्हा ती पेज कॅशमधून (कर्नल फाइलचा मजकूर मेमरीत ठेवतो त्या जागेतून) निघाली, पण पिन असल्यामुळे मोकळी झाली नाहीत. फाइलशी नाते तुटूनही ती मेमरीत राहिली. नवा मजकूर नव्या पेजांवर लिहिला गेला. सर्व्हरच्या पेज टेबलने (कोणता पत्ता कोणत्या पेजावर जातो त्या तक्त्याने) नवी पेजे उचलली आणि आरएक्सई जुन्याच पेजांना धरून बसला. पिनमुळे पेज टिकते, पेजाचे फाइलशी असलेले नाते टिकत नाही, ही गोष्ट मला आधी माहीत असायला हवी होती.

ठरवले ते असे: फाइलला हात लागण्यापूर्वी सर्व्हरला कळले पाहिजे आणि त्याने नोंदणी सोडेपर्यंत हात लावणारा थांबला पाहिजे. लिनक्सची फाइल लीज, म्हणजे दुसरे कोणी फाइल उघडू लागले की धारकाला आधी सूचना देणारी सोय, याच कामासाठी आहे.

६ जुलै

लीजच्या आधी पिन मोजण्याची सोय केली. प्रोसेसच्या स्टेटस फाइलमध्ये व्हीएमपिन नावाची ओळ असते; नोंदणीनंतर तिथे ६५,५३६ केबी दिसले पाहिजेत. संपूर्ण यंत्राचा हिशेब व्हीएमस्टॅटमधील एनआर_फॉल_पिन_अक्वायर्ड आणि एनआर_फॉल_पिन_रिलीज्ड या दोन आकड्यांच्या फरकातून मिळतो. आमच्या फाइलसाठी हा फरक १६,३८४ पेजांचा येतो. नोंदणी फसल्यावर बाहेर पडणाऱ्या वाटेत मी जुनी नोंदणी सोडायला विसरलो होतो, हे याच फरकाने दाखवून दिले.

सर्व्हर आजवर रूट म्हणून चालत होता. त्याला स्वतंत्र वापरकर्ता देताच नोंदणी ईनोमेम (‘मेमरी नाही’ ही त्रुटी) देऊन फसली, तीही यंत्रात दहा जीबी मेमरी मोकळी असताना. हा नकार मेमरीच्या टंचाईचा नसून मेमलॉक मर्यादेचा, म्हणजे प्रोसेसला किती मेमरी अडकवून ठेवता येते त्या मर्यादेचा, असतो. ती सध्या ८ एमबी आहे. मी मर्यादा लिमिट्स डॉट कॉन्फमध्ये वाढवली आणि संध्याकाळभर काहीच फरक पडला नाही, कारण ती फाइल लॉगिनच्या वेळी वाचली जाते आणि सिस्टमडीने (सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रामने) सुरू केलेल्या सेवेला लागू होत नाही. सेवेच्या युनिट फाइलमध्ये लिमिटमेमलॉक लिहिल्यावर काम झाले.

१२ जुलै

पूर्ण दिवस गेला, म्हणून ही नोंद सविस्तर करतो.

सूची वाचायचीच आहे तर वाचनाची लीज पुरेल असे मला वाटले. ती मागितली आणि ईअगेन (‘आत्ता नाही’ असा नकार) मिळाला. फाइल कोठेही लेखनासाठी उघडी असेल तर वाचनाची लीज मिळत नाही हा नियम मला ठाऊक होता, आणि मी स्वतःच ती वाचन-लेखन अशी उघडली होती. मग मॅप केल्यावर लगेच डिस्क्रिप्टर (उघडलेल्या फाइलचा क्रमांक) बंद केला, फाइल पुन्हा केवळ वाचनासाठी उघडली आणि लीज मागितली. पुन्हा ईअगेन. एलएसओएफ या उघड्या फाइली दाखवणाऱ्या आज्ञेच्या यादीत लेखनासाठी उघडा असा एकही डिस्क्रिप्टर नव्हता. सूचीकार बंद होता. तीन तास मी भलतीकडेच शोधत होतो.

अडथळा मॅपचाच होता. डिस्क्रिप्टर बंद केला तरी मॅप त्या उघडलेल्या फाइलला धरून ठेवतो आणि कर्नलच्या मोजणीत ती लेखनासाठी उघडीच राहते. मॅप काढल्याशिवाय ही मोजणी उतरत नाही.

मग फाइल केवळ वाचनासाठी उघडून तसाच मॅप केला. लीज मिळाली, पण नोंदणी ईफॉल्ट (‘पत्ता चुकीचा’ ही त्रुटी) देऊन फसली. नमुना कोडमधून आलेला स्थानिक लेखनाचा झेंडा (फ्लॅग) मी नोंदणीतून काढला, तरीही ईफॉल्टच. कर्नल ६.१ मधील आरडीएमएचा भाग नोंदणी वाचनापुरती असली तरी पेज लेखनाच्या हक्काने मागतो, आणि केवळ वाचनासाठी उघडलेल्या फाइलच्या सामायिक मॅपवर तो हक्क देता येत नाही. म्हणजे या कर्नलवर नोंदणीला वाचन-लेखन उघडणे हवे आणि वाचनाच्या लीजला ते चालत नाही. दोन्ही अटी एकत्र बसत नाहीत.

१३ जुलै

लेखनाची लीज घेतली. तिची अट अशी की फाइल दुसरीकडे कोठेही उघडी नसावी. स्वतःचा वाचन-लेखन डिस्क्रिप्टर चालतो आणि मॅप त्याच डिस्क्रिप्टरवरून केलेला असेल तर तोही चालतो. लीज मिळाली, नोंदणीही झाली.

चाचणी म्हणून सूचीकार चालवला. तो क्षणभरही न थांबता पुढे गेला आणि शोधसेवेला नवा शिक्का दिसला. मी चाचणी उत्तीर्ण असे लिहिले. ती उत्तीर्ण नव्हती. सर्व्हरच्या टर्मिनलवर ‘आय/ओ पॉसिबल’ एवढे दोन शब्द उमटले होते आणि सर्व्हर मेला होता. लीज मोडण्याची सूचना सिगआयओ या सिग्नलने येते, आणि हा सिग्नल हाताळला नाही तर प्रोसेस संपवली जाते. प्रोसेस संपली म्हणून लीजही सुटली आणि पिनही सुटले. सिस्टमडीने सर्व्हर पुन्हा उभा केला. म्हणून सगळे सुरळीत दिसत होते.

आता एफ_सेटसिग या कॉलने सिगआयओऐवजी रिअल-टाइम सिग्नल नेमला आहे आणि तो सिग्नलएफडीवरून, म्हणजे सिग्नल फाइलसारखा वाचू देणाऱ्या डिस्क्रिप्टरवरून, वाचतो, म्हणजे कोणत्या डिस्क्रिप्टरची लीज मोडते आहे तेही कळते. हा सिग्नल सर्व थ्रेड सुरू होण्यापूर्वी अडवावा लागतो. एकही थ्रेड सुटला तर सिग्नल त्याच्याकडे जाऊन प्रोसेस पुन्हा मरते. मी लॉग लिहिणारा थ्रेड आधी सुरू केला होता, त्यामुळे हेही एकदा भोगून झाले.

१९ जुलै

सर्व्हरने उत्तर दिलेच नाही तर काय होते, हे आज मुद्दाम पाहिले. सर्व्हरला स्टॉप सिग्नलने गोठवले आणि दुसऱ्या टर्मिनलवरून फाइल शून्यावर कापण्याचा प्रयत्न केला.

ट्रंकेट ही आज्ञा लगेच ‘रिसोर्स टेम्पररिली अनअव्हेलेबल’ म्हणून परतली. ती फाइल नॉनब्लॉक पद्धतीने उघडते, त्यामुळे लीजपुढे थांबत नाही. मात्र लीज मोडण्याची प्रक्रिया तेवढ्याने सुरू झालेली असते आणि प्रॉक-लॉक्समध्ये (कर्नलच्या लॉक आणि लीजच्या यादीत) आमच्या ओळीवर ब्रेकिंग असे दिसू लागते. शेलच्या साध्या पुनर्निर्देशनाने (‘>’ चिन्हाने) मात्र फाइल कापू पाहणारा प्रोसेस शांतपणे थांबून राहिला.

मी घड्याळ लावून बसलो होतो. पंचेचाळीस सेकंद काहीच घडले नाही, आणि मग शेल परत आला. लीज-ब्रेक-टाइमचे मूळ मूल्य ४५ सेकंदच आहे. तेवढ्यात धारकाने लीज सोडली नाही तर कर्नल ती काढून घेतो. फाइलची लांबी शून्य झाली. सर्व्हर अजून गोठलेलाच होता, आणि तरीही शोधसेवा त्याच्या मेमरीतून जुना शिक्का बिनचूक वाचत होती, कारण आरएक्सई कर्नलमध्ये चालतो आणि त्याला सर्व्हरच्या जागे असण्याची गरज नसते. सर्व्हरला पुन्हा चालू केले. त्याने स्वतःच्या मॅपमधील तोच पत्ता वाचला आणि तो सिगबसने (पत्त्यामागे मजकूर उरला नसल्याच्या सिग्नलने) कोसळला. मालकाला आपल्या पत्त्यावर काहीच सापडत नाही आणि परका तिथून निवांत वाचतो आहे, हे दृश्य मी बराच वेळ पाहत राहिलो.

कर्नल मुदतीनंतर लीज काढून घेतो, पिन काढून घेत नाही. या दोहोंमध्ये त्याच्या बाजूने कोणतेही नाते नाही. ते सर्व्हरनेच जोडायचे आणि सर्व्हर जागा असेल तेवढाच वेळ ते टिकते.

२० जुलै

सोडण्याचा क्रम चुकला होता. सिग्नल आल्यावर चालणारा माझा हँडलर आधी लीज सोडत होता आणि मग नोंदणी. दोनशे वेळा फिरवल्यावर तीन वेळा शोधसेवेला फाइल कापल्यानंतरही जुने बाइट कोणत्याही त्रुटीविना मिळाले. आता आधी नोंदणी रद्द, मग मॅप काढणे, मग लीज सोडणे असा क्रम आहे. घेताना याच्या उलट: आधी लीज, मग फाइलची लांबी पुन्हा तपासणे, मग मॅप, शेवटी नोंदणी.

नोंदणी रद्द होताच शोधसेवेच्या चालू वाचनाला रिमोट ॲक्सेस एरर येते आणि तिचा क्यूपी (आरडीएमए जोडणीचे तिच्या बाजूचे टोक) निकामी होतो, म्हणून जोडणी नव्याने करण्याचा कोड शोधसेवेत घालावा लागला. त्याला चार तास लागले.

एमव्ही आज्ञेने नवी फाइल जुनीच्या जागी आणून ठेवली तर लीज मोडतच नाही, हेही आज तपासले. लीज नावाची नसते, मूळ फाइलची असते, आणि नाव बदलण्याच्या क्रियेला ती आडवी येत नाही. म्हणून फोल्डरवर आयनोटिफाय (फाइलींतील बदल कळवणारी कर्नलची सोय) लावले.

२ ऑगस्ट

आठवडाभर चालू ठेवल्यावर दोन तक्रारी आल्या. पहिली, रोज पहाटे तीनला जोडणी तुटते. त्या वेळी बॅकअप चालतो. तो फाइल केवळ वाचतो, पण लेखनाच्या लीजला दुसऱ्या कोणाचे वाचनही चालत नाही. लीज वाचनाच्या पातळीवर उतरवावी म्हटले तर आमचाच डिस्क्रिप्टर लेखनासाठी उघडा असल्याने तेही होत नाही.

दुसरी, दर तासाला सर्व्हर पंचेचाळीस सेकंद गप्प बसतो. माझ्या आरोग्यतपासणीचा कोड बेरीज पडताळण्यासाठी तीच फाइल पुन्हा उघडत होता. लीज कोणत्या प्रोसेसची आहे हे फाइल उघडताना पाहिले जात नाही, त्यामुळे सर्व्हर स्वतःच्याच लीजपुढे थांबला होता आणि सिग्नल वाचणारा थ्रेडही तोच होता. तपासणी आता मॅपवरूनच होते.

९ ऑगस्ट

पेज कॅश वाटेत नसेलच तर हा घोळ होईल का, असे वाटून आभासी यंत्रात मेममॅपच्या कर्नल पर्यायाने खोटी पर्सिस्टंट मेमरी (वीज गेली तरी मजकूर टिकवणाऱ्या मेमरीची नक्कल) तयार केली आणि तिच्यावरील ईएक्सटी४ फाइल सिस्टम डॅक्ससह (पेज कॅश टाळून साठवणूक थेट मॅप करण्याच्या पद्धतीने) माउंट केली. तिथे नोंदणी सरळ ‘ऑपरेशन नॉट सपोर्टेड’ देते. डॅक्समध्ये पिन केलेले पेज हा प्रत्यक्ष साठवणुकीचाच तुकडा असतो. फाइल कापली तर तो तुकडा दुसऱ्या फाइलला दिला जाण्याचा धोका, आणि न द्यावा तर कापणारा अनिश्चित काळ थांबणार. म्हणून दीर्घ मुदतीचे पिन तिथे नाकारले जातात. पिन आणि लीज यांना कर्नलमध्येच बांधावे, म्हणजे विशिष्ट लीज असल्याशिवाय असे पिन मिळू नये आणि पिन असेपर्यंत फाइल कापणाऱ्याला नकार मिळावा, असा प्रस्ताव इंटेलच्या आयरा वायनी यांनी २०१९ मध्ये पॅचेसच्या रूपाने मांडला होता. तो मुख्य कर्नलमध्ये गेला नाही. १९ जुलैची नोंद ज्यांनी वाचली असेल त्यांना मला त्याचे वाईट का वाटते हे कळेल.

याच दिवशी डेबियन १३ प्रसिद्ध झाले.

१६ ऑगस्ट

एका यंत्रावर डेबियन १३ घातले; त्यात कर्नल ६.१२ आहे. सर्व्हर उठलाच नाही: नोंदणीला ईफॉल्ट. २०२३ मध्ये झालेल्या बदलानंतर साध्या फाइल सिस्टमवरील सामायिक मॅप लेखनाच्या हक्काने दीर्घकाळ पिन करता येत नाही. कारण योग्य आहे: पिनमधून आलेले लेखन फाइल सिस्टमला न कळवता पेज बदलते आणि तिच्या हिशेबात ते पेज स्वच्छच राहते.

स्थानिक लेखनाचा झेंडा काढला आणि नोंदणी झाली. फाइल केवळ वाचनासाठी उघडली, तरीही झाली. वाचनापुरत्या नोंदणीसाठी लेखनाचा हक्क मागण्याची जुनी रीत दरम्यान गेली होती. म्हणजे १२ जुलैला न बसलेल्या दोन्ही अटी इथे बसल्या, वाचनाची लीज मिळाली आणि बॅकअपचा त्रास संपला. इथे थांबावे असे क्षणभर वाटले. पण गोठवण्याची चाचणी पुन्हा केली आणि पंचेचाळीस सेकंदांनंतर शोधसेवेला पुन्हा जुना शिक्का मिळाला, कोणत्याही त्रुटीविना. शिवाय रोज रात्री जोडणी तुटणे चालूच राहणार होते.

२८ ऑगस्ट

गणपतीच्या सुट्टीत रचना बदलली. फाइल पिन करणे सोडून दिले. सर्व्हर आता फाइल अनॉनिमस मेमरीत वाचून घेतो आणि ती मेमरी नोंदवतो. तिच्यामागे फाइल नाही, त्यामुळे तिच्यापासून तुटायलाही काही नाही. खासगी मॅप पिन केला असता तर कर्नलने प्रतच केली असती. पण रीड या कॉलने घेतलेल्या प्रतीत फाइल मध्येच कापली गेली तर अपुरी लांबी परत मिळते, सिगबस नाही, म्हणून मी रीड निवडले.

असे दोन बफर आहेत. एकावर शोधसेवा वाचत असताना दुसरा भरला जातो, मग त्याची नवी आरकी (दुसऱ्या यंत्राला त्या मेमरीत प्रवेश देणारी किल्ली) शोधसेवेला कळवली जाते आणि तिने होकार दिल्यावरच जुन्या बफरची नोंदणी रद्द होते. व्हीएमपिन सध्या एक बफर असताना ६५,५३६ केबी आणि बदलाच्या वेळी १,३१,०७२ केबी दाखवतो. मेमलॉक मर्यादा १९२ एमबी ठेवली आहे.

लीज अजूनही आहे, पण फक्त प्रत होईपर्यंत. पूर्वी ती दिवसभर धरलेली असे. आता सेकंदाचा लहानसा भाग पुरतो. त्या दरम्यान सिग्नल आला तर अर्धी प्रत टाकून द्यायची आणि लीज सोडायची. सूचीकार लिहीत असेल तर लीज मिळतच नाही, आणि तो नकारच मला हवी ती माहिती देतो.

३० ऑगस्ट

एक चूक राहिली होती. आयनोटिफायची ‘लेखनानंतर बंद’ ही सूचना आल्यावर मी लगेच लीज मागतो, आणि कधी कधी ईअगेन येऊन नवी सूची त्या रात्रीपुरती राहून जाते. फाइल बंद होताना कर्नल ही सूचना आधी पाठवतो आणि लेखकांची मोजणी त्यानंतर उतरवतो. मधल्या फटीत माझी मागणी पोहोचते. आता ५० मिलिसेकंद थांबून पुन्हा मागतो, असे वीस वेळा, आणि त्यानंतरही नकार असेल तर लॉगमध्ये प्रॉक-लॉक्सची प्रत टाकतो.

६ सप्टेंबर

सात रात्री झाल्या. रोज एक बदल झाला, जोडणी एकदाही तुटली नाही आणि दोन्ही बाजूंचे शिक्के रोज सकाळी जुळले. पिनच्या दोन आकड्यांतील फरक बदलानंतर प्रत्येक वेळी १६,३८४ वर परत येतो. दुसऱ्या यंत्रावर डेबियन १३ पुढच्या शनिवारी घालणार आहे.